पुस्तकातलं घरात आणताना

पैशांवरची पुस्तकं मी आधी मराठी भाषांतरांतून वाचली, मग इंग्रजीतून. वाचून भारावून जायला एक रात्र पुरते. त्यातलं एखादं वाक्य घरच्या पासबुकापर्यंत पोचवायला मात्र महिने जातात. ते कसं पोचवलं, ते सांगते.

सुरुवात 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन'पासून झाली. १९२६ सालचं पुस्तक. कमाईचा दहावा हिस्सा आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात घर चालवा, हा त्याचा गाभा. जेवताना मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. माझे सासरे, आप्पा, एसटीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आमची पतपेढी तेच करायची की. वर्गणी पगारातूनच कापली जायची, हातात यायचे ते उरलेलेच." मला फार बरं वाटलं. परक्या देशातल्या पुस्तकातली गोष्ट आमच्या घरात आधीच कुणीतरी जगलेलं होतं, त्यामुळे पटवून देण्याची गरजच उरली नाही. माझा पगार एक तारखेला होतो. दोन तारखेला ठरलेली रक्कम आपोआप पीपीएफला, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत योजनेत, जाईल अशी सूचना बँकेत देऊन टाकली. दोनच तारीख का, तेही आप्पांनीच सांगितलं: पाच तारखेनंतर भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. हे कुठल्याच अमेरिकी पुस्तकात सापडायचं नाही.

अमेरिकी पुस्तकं वाचताना ही चाळणी हातात ठेवावीच लागते. 'रिच डॅड पुअर डॅड'मधला खिशात पैसे आणणारी मालमत्ता आणि खिशातून पैसे नेणारं दायित्व हा फरक मला मोलाचा वाटतो. पण कर्ज काढून घर घ्या आणि भाड्यावर द्या, हा हिशेब आमच्या सोसायटीत जुळत नाही. इथे पन्नास लाखांच्या फ्लॅटला महिना बारा-तेरा हजार भाडं येतं, म्हणजे वर्षाला तीन टक्के. कर्ज साडेआठ टक्क्यांचं. तो धडा मी तिथेच सोडला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'विमा आणि गुंतवणूक वेगळी ठेवा' या सल्ल्यानं. नवऱ्याच्या नावावर लग्नाआधीपासून एक पॉलिसी होती: पाच लाखांचं विमाछत्र, वर्षाला पंचवीस हजार हप्ता, मुदत वीस वर्षं, शेवटी बोनस धरून अंदाजे नऊ लाख. ऐकायला छान वाटतं. मी एक्सेल उघडलं. एकाखाली एक वीस ओळींत उणे पंचवीस हजार, एकविसाव्या ओळीत नऊ लाख, आणि खाली आयआरआरचं, म्हणजे भरलेल्या पैशांवर वर्षाला खरं किती टक्के सुटतात ते काढणारं, सूत्र. उत्तर आलं सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. तेवढाच हप्ता दरवर्षी पीपीएफमध्ये टाकला आणि ७.१ टक्के दर कायम राहिला असं धरलं, तर वीस वर्षांनी अकरा लाखांच्या वर जातात. आणि मुख्य म्हणजे कमावत्या माणसाच्या मागे पाच लाखांत हे घर किती दिवस चाललं असतं?

पॉलिसी देणारे नवऱ्याचे मामेभाऊ. त्यामुळे हिशेबापेक्षा बोलणं अवघड होतं. त्यांना घरी बोलावलं, जेवायला वाढलं आणि मग तो कागद समोर ठेवला. ते म्हणाले, "वहिनी, मधेच मोडली तर नुकसानच होईल." त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणून मोडली नाही, पेड-अप केली. वीसपैकी सात हप्ते भरून झाले होते. त्या प्रमाणात पाच लाखांचे पावणेदोन लाख झाले, जमा झालेला बोनस तसाच राहिला आणि पुढचे हप्ते थांबले. मात्र हे करण्याआधी एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, घेतला, वैद्यकीय तपासणी झाली, कागद हातात आला आणि मगच जुना हप्ता बंद केला. हा क्रम उलटा करू नये, असं मी भेटेल त्याला सांगते. मधल्या काळात घर उघडं पडतं. टर्म प्लॅनचे पैसे परत मिळत नाहीत, ही हळहळ नवऱ्याला अजून वाटते. मला वाटत नाही.

सवयींवरच्या पुस्तकांतून मी एकच गोष्ट उचलली. रोज रात्री फोन चार्जिंगला लावताना शेजारच्या वहीत दिवसाचा खर्च लिहायचा. गेल्या दिवाळीपासून ती वही आता मुलगी लिहिते, रिक्षाच्या सुट्या पैशांसकट.

सध्या आमच्या गृहकर्जाचा हिशेब उघडलाय. तीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता सव्वीस हजारांचा, आणि पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० रुपये नुसतं व्याज. दर बदलता असल्यामुळे मुदतीआधी पैसे भरले तरी बँक दंड लावत नाही. थांबलेल्या पॉलिसीचे पंचवीस हजार यंदा मुद्दलात भरायचे, असं आम्ही ठरवलंय. अर्ज भरताना 'हप्ता कमी'ऐवजी 'मुदत कमी' हा पर्याय निवडायचा आहे.