कापसाच्या बंडीमागची बावीस मिनिटे

आमच्या दारव्हा तालुक्यातील गावापासून माझे कार्यालय २६ किलोमीटरवर आहे. रस्ता काळ्या मातीवरचा असल्यामुळे पावसाळ्यात खालची माती फुगते, उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते आणि वरचे डांबर लाटांसारखे वरखाली होते. म्हणून माझी जुनी, छोटी कार ताशी सरासरी ४० किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हा आमच्यासारख्या मुंबईबाहेरच्यांची सकाळची वेळ दहावरून पावणेदहावर आली. शनिवार मिळाल्याचा आनंद मलाही झाला होता, पण ती १५ मिनिटे मी आजही रोज सकाळी शोधत असतो.

गेल्या हंगामातील नोव्हेंबरच्या एका सकाळी मी नऊऐवजी नऊ वाजून बारा मिनिटांनी निघालो. कारण सांगण्यासारखे नाही: चहाचा दुसरा कप आणि जागेवर नसलेली किल्ली. उशीर झालेल्या माणसाला आकडेमोड फार लवकर सुचते. ४० ऐवजी ४७ चा वेग धरला की २६ किलोमीटर ३३ मिनिटांत संपतात आणि हजेरीच्या यंत्रावर बोट बरोबर पावणेदहाला टेकते, असा हिशेब मी आखरापाशी, म्हणजे गावाची गुरे जमतात त्या जागी, गुरे पांगेपर्यंत केला. गायकी, म्हणजे गुराखी, आपल्या चालीने गुरे हाकत होता आणि मी उगाच हॉर्न वाजवत होतो. त्या हॉर्नने एका म्हशीने मान वळवून पाहिले, एवढाच काय तो परिणाम.

गुरे ओलांडली आणि वळणानंतर कापसाची बंडी, म्हणजे कापसाने लादलेली बैलगाडी, आली. एरवी शेजारून गाडी काढता येते, परंतु एकेरी रस्त्याची डांबरी रुंदी पावणेचार मीटर, त्यात कापूस वजनाला हलका आणि आकाराला अवाढव्य असल्यामुळे बंडीच्या दोन्ही बाजूंनी फुगून आलेला, आणि रात्रीच्या अवकाळी पावसाने साइडपट्टीचा चिखल झालेला. त्या चिखलात चाक उतरवणे म्हणजे ट्रॅक्टर बोलावण्याची तयारी ठेवणे. बैल ताशी चार किलोमीटर चालतात. मागे राहून माझ्या गाडीचा पहिला गिअरही कुरकुरू लागला. दुचाकीवाले मात्र एकेक करून कडेने निसटत होते, आणि खरे सांगायचे तर मला बंडीवाल्यापेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

शेवटी मी काच खाली करून ओरडलो, "दादा, जरा साइड द्या ना!"

त्याने मागे वळून शांतपणे सांगितले, "थांबा जी जरासे, पुलाच्या पल्याड देतो. इथं खाली उतरवली तं बंडी पलटते."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. पूल दीड किलोमीटर पुढे होता. दीड किलोमीटरला बावीस मिनिटे, म्हणजे ४७ च्या वेगाने जे काही वाचणार होते त्याच्या कितीतरी पट तेथेच गेले. माझे वडील शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेगाडीने मूर्तिजापूरला जात असत. ११३ किलोमीटरच्या त्या अरुंद रुळांवर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते, आणि त्या गाडीत बसणारा माणूस घड्याळ घरी ठेवूनच निघत असे, असे ते सांगत. मला तेवढी मुभा नव्हती. "दहा मिनिटे आधी निघत जा" असा सल्ला देणारे लोक मला त्या क्षणी विशेष नकोसे वाटले, कारण त्यांचे म्हणणे बरोबर होते.

पुलापलीकडे त्याने शब्दाप्रमाणे बंडी कडेला घेतली. मी दहा वाजून पाच मिनिटांनी पोहोचलो.

संध्याकाळी परतताना जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर बंड्यांची आणि ट्रॉल्यांची रांग लागलेली दिसली. त्यात सकाळचीच बंडी होती. बैल सोडलेले, कापसावर ताडपत्री ओढलेली. ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला तर हमीभावाने कापूस घेत नाहीत, हे ठाऊक असल्यामुळे मी गाडी थांबवून विचारले, "ओला तर नाही ना भरला?"

"अजून मोजलाच नाही जी," तो म्हणाला. "पहाटं चारला निघालो होतो. नंबर आता उद्याच लागंन."