इतर खर्च

घरखर्चाच्या वहीतला सगळ्यात खरा रकाना कोणता असं कुणी विचारलं, तर मी 'इतर' या रकान्यावर बोट ठेवीन. बाकीचे रकाने चारचौघांत दाखवायचे. घरभाडं, वीज, शाळेची फी, कर्जाचा हप्ता. त्यांचे आकडे ठरलेले असतात, त्यांच्यावरून वाद होत नाहीत आणि त्यांत कुणाचा स्वभावही उतरत नाही. घरातली माणसं दिसतात ती 'इतर'मध्ये. चष्म्याची नवी काच, मैत्रिणीच्या लग्नातली भेट, पाण्यात पडलेला फोन, 'राहू दे, राहू दे, मी देतो' म्हणून कुणीतरी भरलेलं बिल. आणि महिनाअखेरीला मेळ बसेना म्हणून हळूच लिहिलेला एक गोल आकडा. आमच्या सासूबाई त्याला सरळ 'तोंडमिळवणी' म्हणतात आणि इतक्या शांतपणे लिहितात की तीही एखादी विकत आणलेली वस्तू असावी.

बजेट करायला बसल्यावर मात्र याच रकान्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी मोठ्या रकमा लिहून होतात. मग उत्साहाच्या भरात बचतीचा एक घसघशीत आकडा पडतो. तो लिहिताना प्रत्येकालाच आपण फार सज्जन आहोत असं वाटतं. मग जे काही उरेल ते 'इतर'च्या पदरात. कागदावर सगळं कसं छान जुळतं. महिना उजाडतो, पहिल्याच आठवड्यात वॉशिंग मशीन गळायला लागतं आणि नवरा म्हणतो, 'अगं, हा महिना जरा वेगळाच आहे.'

वेगळा नसलेला महिना मला अजून भेटायचा आहे. मागच्या वर्षीची वही काढून बसलं की ते स्वच्छ दिसतं. एका पानावर दाताचं रूट कॅनल. पुढच्या पानावर मुलाचे बूट, कारण मुलांचे पाय आपलं वेळापत्रक बघून वाढत नाहीत. त्यापुढे गाडीचे टायर, मग कुणाच्या तरी निवृत्तीची वर्गणी, मग गिझरची कॉइल. आणि या प्रत्येक नोंदीपुढे कंसात एकच शब्द, कधी माझ्या अक्षरात, कधी नवऱ्याच्या: 'एकदाच'. एकही पान 'एकदाच'शिवाय गेलेलं नाही.

हे आमच्याच घरात होतं असं नाही. अॅबिगेल ससमन आणि अॅडम ऑल्टर या दोघांनी २०१२ साली यावरच संशोधन प्रसिद्ध केलं. रोजचे, नेहमीचे खर्च माणसं बऱ्यापैकी बरोबर सांगू शकतात, पण अपवाद म्हणून होणाऱ्या खर्चांचा अंदाज हटकून कमी धरतात. आणि तो खर्च समोर आला की हातही सैल सुटतो, कारण आपण त्याच्याकडे एकेकटं बघतो. लग्न काय रोज होतं? सहल काय दर महिन्याला निघते? प्रत्येक अपवादाला आपण वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासारखं वागवतो, आणि पाहुणे दाराबाहेर रांग लावून उभे असतात ते दिसत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की घराचं बजेट महिन्याचं नसावं, वर्षाचं असावं. आपल्याला वाटतं की पुढचा महिना जवळचा, तो आपल्याला नीट दिसतो, वर्षाचं काय सांगावं! प्रत्यक्षात होतं उलटंच. २००८ सालच्या एका अभ्यासात लोकांनी पुढच्या महिन्याचं केलेलं बजेट तोकडं पडलं, पुढच्या वर्षाचं मात्र खऱ्या खर्चाच्या जास्त जवळ गेलं. कारण मोठं मजेशीर आहे. वर्षाबद्दल कुणालाच खात्री नसते, म्हणून माणूस आपणहून थोडं हातचं राखतो. महिन्याबद्दल आपल्याला नको इतकी खात्री असते, तिथेच घोटाळा होतो.

साधं आठवड्यांचं गणित घ्या. पुष्कळ जण आठवड्याचा खर्च काढतात आणि त्याला चाराने गुणून महिन्याचा धरतात. बारा महिन्यांचे झाले ४८ आठवडे. वर्षात असतात ५२. उरलेल्या चार आठवड्यांत घर उपाशी बसत नाही, गाडीही ढकलत नेत नाही. जवळजवळ एक अख्खा महिना वहीत न येता खर्च होऊन जातो, आणि घरातले एकमेकांकडे 'पैसे गेले कुठे?' म्हणून संशयाने बघत राहतात.

वर्षाची यादी करणं काही अवघड नाही. मागच्या वर्षभरातले सगळे 'एकदाच' एका कागदावर काढायचे, त्यांत विमा, कर, दुरुस्त्या आणि देणीघेणी घालायची, बेरीज करून बाराने भागायचं. जो आकडा येतो त्याने घाम फुटतो, हे आधीच सांगून ठेवते. पण तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकली की गिझर जळतो तेव्हा फक्त गिझर जळतो, बजेट जळत नाही. जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरच्या जमाखर्चासाठी वही छापली. त्या वहीतून आलेली 'काकेइबो' पद्धत आज जशी शिकवतात, तिच्यात खर्चाचे चार कप्पे असतात: गरजेचा, हौसेचा, संस्कृतीचा, म्हणजे पुस्तकं-संगीत वगैरे, आणि चौथा अनपेक्षित. अनपेक्षिताची अपेक्षा ठेवून त्याला पहिल्या दिवसापासून मानाची जागा देणारी ही वही मला फार शहाणी वाटते.

आता इथपर्यंत एकट्या माणसाचं भागतं. घरात चार डोकी असली की खरी गंमत सुरू होते, कारण प्रत्येकाचा अपवाद वेगळा. मला पडद्यांना पैसे घालणं पटतं, नवऱ्याला ते पडदे आहेत तसे दिसतही नाहीत. त्याला स्क्रूड्रायव्हरचा नवा संच लागतो, आणि जुना कुठे गेला हे विचारायचं नसतं. स्कॉट रिक, डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल यांनी २०११ साली दाखवून दिलं की हात आखडणारी आणि हात सैल असणारी माणसं आपल्या उलट स्वभावाच्या जोडीदाराकडे ओढली जातात. खर्च करताना जीव तुटणाऱ्याला स्वतःचा तो तुटणारा जीव आवडत नसतो, म्हणून त्याला मोकळ्या हाताचं माणूस भावतं. पुढे याच फरकावरून पैशांची भांडणं जास्त होतात, हेही त्यांनीच नोंदवलं आहे. आमच्याकडे कोण कोणत्या गटातलं ते सांगत नाही. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतो, एवढं पुरे.

मध्यंतरी आम्ही ५०-३०-२० चा नियम लावून बघायचं ठरवलं. एलिझाबेथ वॉरन यांनी, पुढे त्या अमेरिकेत सिनेटर झाल्या, मुलीबरोबर २००५ साली मांडलेला हा हिशोब. हातात आलेल्या पैशांतले ५० टक्के गरजांना, ३० हौसेला, २० बचतीला आणि कर्ज फेडायला. ऐकायला सोपं. सगळे टेबलाभोवती बसलो, मुलीने कागदावर दोन उभ्या रेघा मारल्या.

'मोबाइलचा रिचार्ज?'

'गरज,' मी म्हटलं.

'माझे हेडफोन?'

'हौस,' नवरा म्हणाला.

'आणि बाबा, तुझी ती कॅमेऱ्याची दुसरी लेन्स?'

नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला. सासूबाई वर न बघता म्हणाल्या, 'हौस म्हणून त्यानं जन्मात काही घेतलं नाही. जे घेतलं ते गरज म्हणूनच.'

टक्केवारी बाजूला राहिली, पण तो कागद मी जपून ठेवला आहे. गरज आणि हौस यांच्यामधली रेघ घरातल्या प्रत्येकाने वेगळ्या जागी मारलेली असते, आणि एरवी ती आपण एकमेकांना दाखवत नाही. मुलांना यात घ्यावं की नाही यावर लोक तावातावाने बोलतात. मी म्हणते, घ्यावं, आणि खऱ्या आकड्यांनिशी घ्यावं. 'परवडत नाही' हे नुसतं ऐकलेल्या मुलाला ती आईबाबांची लहर वाटते. विजेच्या बिलाचा आकडा एकदा डोळ्यांनी पाहिल्यापासून आमच्या मुलाने खोल्यांमधले दिवे बंद करायचा असा काही सपाटा लावला, की आत माणूस आहे की नाही हेही तो बघत नाही.

हिशोब लिहिणाऱ्याचं दुखणं वेगळं. ज्याच्या हातात वही, तो दोन महिन्यांत घरचा फौजदार होतो. त्याने 'हे कशाचं?' एवढंच विचारलं तरी समोरच्याला उलटतपासणी वाटते. आम्ही म्हणून वही फिरती ठेवली आहे. यंदा ती मुलीकडे आहे, आणि तिने ती फोनवरच्या अॅपमध्ये नेली. अॅपचा एक घोळ असा की ते सगळ्याला आपल्या मनाने नाव देतं. डॉक्टरांच्या शेजारच्या दुकानातून आणलेली छत्री 'आरोग्य' या सदरात गेली, आणि ती काढायला कुणी गेलं नाही. पैसेही आता फोनवरूनच जातात. नोट हातातून सुटताना जी कळ येते ती येत नाही. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली छापलेल्या प्रयोगात, सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावताना क्रेडिट कार्डाने पैसे भरणाऱ्यांची बोली रोख भरणाऱ्यांपेक्षा कितीतरी वर गेली होती. म्हणून 'इतर'पैकी निम्मे पैसे आम्ही अजूनही रोख काढून पाकिटात ठेवतो. जुनाट आहे, पण पाकीट रिकामं झालेलं दिसतं तरी.

सगळं बांधून ठेवलं तर मात्र बजेट टिकत नाही, असा माझा अनुभव. पगारवाढ झाली की खर्चही वाढून तिला गाठतो, हे ब्रिटिश लेखक नॉर्थकोट पार्किन्सनने १९६० सालीच लिहून ठेवलं. त्यामुळे वाढीतला एक वाटा हातात यायच्या आधीच बचतीकडे वळवणं बरं. पण सगळाच नाही. माणसं मनात पैशांचे कप्पे कसे करतात हे ज्यांनी जगाला समजावलं त्या रिचर्ड थेलरना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि पैशांचं काय करणार असं विचारल्यावर ते म्हणाले की शक्य तितक्या अविवेकाने खर्च करायचा प्रयत्न करीन. हे ऐकल्यापासून माझा त्यांच्यावरचा विश्वास दुणावला.

तर आमच्या बजेटमध्ये आता प्रत्येकाच्या नावाचा एक छोटा वाटा असतो. सारखा, वयाप्रमाणे कमीजास्त नाही. त्याचा हिशोब द्यायचा नाही, मागायचा नाही, आणि तो संपला की दुसऱ्याच्या वाट्याकडे बघायचं नाही. नवऱ्याची लेन्स त्यातून आली, उशिरा आली, आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माझे पडदे त्यातूनच आले. मुलगी दोन दिवसांत सगळे संपवते आणि उरलेला महिना राणीसारखी वावरते. मुलगा साठवतोय, कशासाठी ते सांगत नाही. सासूबाईंचं पाकीट दर महिन्याच्या वीस तारखेच्या सुमाराला रिकामं होतं, घरात नवीन काही दिसत नाही, त्यांना विचारायला सगळ्यांची जीभ शिवशिवते, आणि नियम त्यांनीच घालून दिलेला असल्यामुळे विचारता येत नाही.