आमची वाटचाल : आधी चाकं, मग गाडी

सोलापुरात होटगी रोडला आमचं गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर सुरू झालं, तेव्हा एक रॅम्प, एक प्रेशर पंप आणि बोअरचं पाणी एवढंच भांडवल होतं. गाडीचं अंग चकाचक करायचं आणि उरलेल्या फेसात शेवटी चाकं उरकायची, अशी सगळीकडची रीत, आमचीही तीच.

मे महिना, पारा ४२ च्या वर. एक काका पुण्याहून आले ते हायवेवरून थेट रॅम्पवरच. अलॉयच्या (मिश्रधातूच्या) रिमला हात लावला तर चटका बसत होता. आमच्या पोरानं त्यावर ॲसिडचं क्लीनर मारलं आणि ते जागीच वाळलं. पाणी मारलं, तर स्पोकवर दुधाळ डाग. ॲसिडनं रिमवरचं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, खाल्लं होतं. काका रिमवरून बोट फिरवून म्हणाले, "मालक, आणली तेव्हा अशी नव्हती ओ." आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. चारही रिम आमच्या खर्चानं रंगवून दिल्या. दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. ॲसिडचा कॅन त्यानंतर सेंटरमध्ये आला नाही.

मग मी चाकाच्याच मागे लागलो. ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड झिजून लोखंडाचे बारीक कण उडतात, गरम असतानाच रिमला चिकटतात आणि ओल लागली की गंजतात. ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून तीच जास्त काळी पडतात. हे शॅम्पूनं निघत नाही. त्यासाठी आयर्न रिमूव्हर लागतो. लोखंडाला भिडला की त्याचे जांभळे ओघळ वाहू लागतात. वास उग्र, पण गिऱ्हाइकाला मी मुद्दाम जवळ बोलावून दाखवतो. डांबर वेगळ्या रिमूव्हरनं काढतो. रॉकेल नाही, त्यानं टायरचं रबर खराब होतं.

आपल्याकडची काळी माती हा आणखी वेगळा विषय. अक्कलकोटकडचे एक शेतकरी दादा आले. ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं म्हणून दोनदा बॅलन्सिंग करून झालं होतं. चाक उतरवलं, तर रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून दगड झालेला, तोही एकाच अंगाला. पाण्यानं भिजवून लाकडी पट्टीनं खरवडला, ओंजळभर निघाला. थरथर थांबली. तेव्हापासून पावसाळ्यात आतली बाजू आम्ही न सांगता बघतो.

आता रिमला कोटिंगही करतो, म्हणजे वरून संरक्षक थर चढवतो. रिम पूर्ण कोरडी, तेलाचा अंश नसलेली आणि गार हवी. नाहीतर ते धरत नाही. कोटिंग असलं की ब्रेकची धूळ घट्ट बसत नाही, बऱ्याचदा साध्या शॅम्पूनं निघते. फुटपाथला घासल्याचे ओरखडे मात्र त्यानं थांबत नाहीत, हे पैसे घेण्याआधीच सांगतो. बोअरच्या पाण्यातले क्षार उन्हात वाळून पांढरे ठिपके पडतात, म्हणून चाक धुतलं की लगेच पुसायचं. टायरला इथल्याच कारखान्यांतले सेकंडचे (बारीक दोष असलेले) टॉवेल, रिमला मायक्रोफायबर. चाकांची बादली आणि ब्रश वेगळे. ते गाडीच्या अंगाला लावायचे नाहीत.

हायवेवरून आलेली गाडी आधी सावलीत उभी करतो, रिमला हात टिकेपर्यंत. घाईतली काही मंडळी वैतागून निघून जातात. जाऊ देतो.