फेब्रुवारीचे तीस दिवस : आमची वाटचाल

आमचं सॉफ्टवेअर हाउसिंग सोसायट्यांचं. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, सिंकिंग फंड, आय आणि जे फॉर्म, ऑडिटरला लागणारे रिपोर्ट, बस एवढंच. ठाण्यात वागळे इस्टेटला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर सुरू केलं, खाली लेथचं काम चालायचं, ते सुरू झालं की आमच्या टेबलावरचा माऊस आपोआप सरकायचा. मी आणि बायको, दोघंच. ती त्याआधी दोन सोसायट्यांचे हिशोब लिहायची आणि हे सगळं तिच्या वहीतून निघालं असं ती आल्यागेल्या प्रत्येकाला सांगते, आणि ते खरंच आहे त्यामुळे मी गप्प बसतो.

आधी नौपाड्यातल्या सोसायट्या मिळाल्या, मग ट्रान्सहार्बरने वाशी, कोपरखैरणे, नेरूळ. सोसायटी म्हटलं की प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. कुठे दुसऱ्या स्कूटरला पार्किंग माफ, कुठे तळमजल्याला लिफ्टचा चार्ज नाही, कुठे भाडेकरू ठेवला की नॉन-ऑक्युपन्सी चार्ज १० टक्क्यांच्या वर लावायचा कमिटीचा हट्ट, आणि नियमात बसत नाही म्हटलं की ‘तुमच्या सॉफ्टवेअरमध्येच प्रॉब्लेम आहे’. जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तर दोन महिने आम्ही घरी फक्त झोपायला जात होतो.

त्या वेळी आमच्याकडे एकच पोरगा होता, कळव्याचा. पगार कमी, डोकं जबरदस्त. थकबाकीवरच्या व्याजाचा अख्खा भाग त्याने एकट्याने लिहिला. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे, म्हणजे बाय-लॉजप्रमाणे, वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज, ऐकायला सोपं, पण कोणी अर्धी रक्कम भरतो, कोणाचा चेक परत येतो, कोणी मागच्या तारखेचा चेक आणून देतो, ते सगळं त्याने बसवलं. एका पावसात गाड्या बंद पडल्या तेव्हा तो प्रिंटरच्या खोक्यांवर झोपला आणि सकाळी मी गेलो तर मॉड्यूल चालू होतं. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागणार आहे.

२०१९ च्या दिवाळीत बोनस घेतला आणि गेला. नवी मुंबईतल्या एका कंपनीत, त्यांचंही सोसायट्यांचंच सॉफ्टवेअर. नाव घेत नाही, घेणार नाही असं सहीनिशी लिहून दिलंय. पुढच्या तीनचार वर्षांत आमच्या ११ सोसायट्या त्यांच्याकडे गेल्या, आम्हाला वाटलं रेटमुळे गेल्या, आणि रेटचा भाग होताच.

मार्च २०२४ ला वाशीच्या एका सोसायटीच्या खजिनदार काकांचा फोन. काका बँकेतून रिटायर झालेले, बिल आलं की आधी कॅल्क्युलेटर काढणार. म्हणाले, ‘अहो, तुमची ती जुनी चूक अजून तशीच आहे की.’ म्हटलं काका, तुम्ही आमच्याकडून जाऊन दोन वर्षं झाली. तर म्हणाले, ‘तेच तर, दुसऱ्यांकडे पण तीच चूक कशी?’

ती चूक काय ते सांगतो. कोडमध्ये फेब्रुवारीचे दिवस कॅलेंडरवरून यायचे, म्हणजे लीप वर्षात २९, आणि खाली आणखी एक ओळ होती की लीप वर्ष असेल तर एक दिवस मिळवा. झाले ३०. दहा हजार थकबाकी असेल तर २१ टक्क्यांनी एका दिवसाचे ५ रुपये ७५ पैसे जास्त. मार्च २०२० च्या बिलात याच काकांनी ते पकडलं होतं, आम्ही माफी मागून लॉकडाऊनच्या आधी दुरुस्त करून दिलं. म्हणजे २०२० नंतर ती चूक आमच्याकडे नव्हती. आणि २०२४ ला दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फेब्रुवारी परत ३० दिवसांचा.

मी त्याच संध्याकाळी वाशीला. सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच त्या कंपनीचा डेटाबेस होता, आणि डेटाबेसमधल्या प्रोसिजर, म्हणजे हिशोब करणारे कोडचे तुकडे, लॉक केलेल्या नव्हत्या, उघडलं की सरळ वाचता येत होतं. व्याजाची प्रोसिजर उघडली, स्क्रोल करत गेलो, आणि मधे इंग्रजी अक्षरात टाइप केलेली मराठी ओळ, ‘लीपचं गणपतीनंतर बघू’. जीएसटीच्या गडबडीत आमच्या पोराने लिहिलेली. मी काकांना दाखवली, काका म्हणाले, ‘कुठले गणपती?’ म्हटलं २०१७ चे.

रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी तावातावात पोलिसांकडे. आयटी ॲक्टच्या ४३ मध्ये सोर्स कोड चोरणं स्पष्ट लिहिलंय आणि ६६ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, हे मी पाठ करून गेलेलो. साहेबांनी विचारलं, काय चोरीला गेलं? कोड. म्हणजे आता तुमच्याकडे नाहीये? आहे की साहेब. मग चोरीला काय गेलं? मी पेनड्राइव्हपासून समजवायला लागलो, ते चहा पीत ऐकत होते, शेवटी म्हणाले वकील करा.

वकील मॅडमचं ऑफिस कोर्ट नाक्याला. त्यांनी आधी मलाच झापलं. मालकाला न विचारता, लेखी काही न घेता दुसऱ्याचं सॉफ्टवेअर तुम्ही उघडलंतच कशाला? मग सोसायटीचं पत्र घेतलं, कमिटीचे दोन मेंबर समोर बसवले, आणि कॉपी काढताना हॅश काढून कागदावर लिहिला. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा, आत एक स्वल्पविराम हलला तरी बदलतो. त्यात मधेच १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा कायदा नवा आला, त्याच्या सर्टिफिकेटच्या नमुन्यात हॅशला जागाच दिलीय, मॅडम म्हणाल्या बघा, आपण आधीच काढून ठेवला.

मग पोराचं अपॉइंटमेंट लेटर मागितलं. एक पान, नेटवरून उचललेलं (हो, तेही उचललेलंच). त्यात एक वाक्य की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात काम करणार नाही. मॅडम हसल्या. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २७, असलं बंधन नोकरी सुटल्यावर चालत नाही, माणूस कुठेही जाऊ शकतो. पण १९५७ च्या कॉपीराइट ॲक्टच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं, वेगळं काही ठरलं नसेल तर. आणि त्या कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे माझा तीस दिवसांचा फेब्रुवारी हे साहित्य! बायको म्हणाली, मग यंदा संमेलनाला जा.

प्रश्न उरला तारखेचा. आमच्याकडे तेव्हा गिट (कोडमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवतं ते) वगैरे काही नव्हतं, नुसत्या झिप फाइली, नावं ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’. कोर्टात ‘फायनल खरं’ कोण मान्य करणार. वाचवलं ते नेरूळच्या एका सोसायटीने, त्यांना ऑगस्ट २०१७ मध्ये ती प्रोसिजर मेलने पाठवली होती, टेक्स्ट फाइल म्हणून, आणि तो मेल दोन्ही बाजूंना शाबूत होता. ४१२ ओळी, टेबलांची नावं सोडली तर सगळं तेच.

आमच्या नोटिशीला त्या कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं की व्याजाचा हिशोब उपविधीत दिलेला आहे, तो सगळ्यांचा सारखाच असणार, उगाच बिनबुडाच्या धमक्या दिल्यात तर आम्हीच कॉपीराइट ॲक्टच्या कलम ६० खाली केस करू. पहिला मुद्दा बरोबर आहे, ते मॅडमनीही मान्य केलं, हिशोबाची पद्धत कोणाच्या बापाची नाही, कॉपीराइट असतो तो लिहिण्याला. पण ३० फेब्रुवारी कुठल्या उपविधीत आहे? चांगला कोड दोघांना सारखा सुचू शकतो, एवढी येडपट चूक गणपतीसकट नाही सुचत. अमेरिकेत १९९५ साली केडन्स कंपनीने अवांटवर दावा टाकला त्याची सुरुवातही अशीच, स्वतःची चूक दुसऱ्याच्या प्रॉडक्टमध्ये ओळखू आली म्हणून. ते प्रकरण पार लोकांना तुरुंगात जाईपर्यंत गेलं. आमचं मध्यस्थीपर्यंत गेलं.

कमर्शियल कोर्टात तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते, कमर्शियल कोर्ट्स ॲक्टचं कलम १२ए. मनाई मागूया असं माझं म्हणणं होतं, मॅडमनी फीचा आकडा सांगितला आणि मी मध्यस्थीला तयार झालो. दुसऱ्या बैठकीला त्यांनी पोराला आणलं. पोरगा कसला, केस पांढरे व्हायला लागलेत. बाहेर पॅसेजमध्ये भेटला, पाया पडायला वाकला आणि अर्ध्यात थांबला. म्हणाला, ‘सर, लिहिलं तर मीच होतं ना. परत तेच लिहायचं तर डोक्यात तेच येणार.’ म्हटलं, अरे डोक्यात येईल, पण गणपती कसे येतील? तो काहीच बोलला नाही. मला वाटलं होतं समोर आला की चार शिव्या घालीन, पण मला ती खोक्यांवरची रात्र आठवत राहिली, आणि त्या वर्षी त्याला पगारवाढ किती दिली होती तेही आठवलं. कलम १७ माझ्या बाजूने होतं. तरी त्याला काय बोलावं सुचेना.

तोडगा असा की त्यांनी ९० दिवसांत तो भाग काढून नव्याने लिहायचा, आम्हाला ठरलेली रक्कम द्यायची आणि दोघांनी नावं घ्यायची नाहीत. रक्कम सांगता येत नाही, पण मॅडमची आणि कोड तपासणाऱ्या तज्ज्ञाची फी जाऊन उरलं त्यात ऑफिसला एसी आला, दीड टनाचा.

आता गिट आहे, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आहे (आधी सगळ्यांचा एकच होता, बायकोच्या वाढदिवसाची तारीख). कॉपीराइट नोंदणी सक्तीची नसते, तरी ५०० रुपये भरून केली, त्यात कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात.

११ मधल्या ४ सोसायट्या परत आल्या. काकांची नाही आली. मी स्वतः पेढे घेऊन गेलो होतो. काका म्हणाले, ‘तुमचं सगळं खरं हो, पण त्यांच्या ॲपवर पावती लगेच येते. तुमची मेलवर यायची, आणि तीही स्पॅममध्ये.’ ॲपचं काम सुरू केलंय. अँड्रॉइडवर पावती येते, आयफोनवर अजून बिल अर्धंच दिसतं.