उपटलेले तीन दगड

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूरचा उंच, ओसाड माळ आहे. कांस्ययुगातल्या गोल दगडी घरांचे 5000च्या आसपास अवशेष त्यावर विखुरलेत. आमचं काम नकाशावरचं एकेक वर्तुळ कमरेएवढ्या नेच्यांतून हुडकायचं आणि भिंत ढासळली का, मुळं शिरली का, ते नोंदवायचं.

त्या दिवशीच्या घरात आतल्या कड्यातले तीन उभे दगड उपटलेले दिसले. मुक्कामाला आलेल्या कुणीतरी घराच्या ऐन मध्यावर ते मांडून शेकोटी पेटवली होती.

कुठला दगड कुठे होता, हे दगडावरच लिहिलेलं असतं. उघड्या अंगावर दगडफूल, पुरलेलं अंग कोरं, मधे काळ्या मातीची रेघ. ती रेघ जमिनीच्या पातळीशी जुळवून, बुडाचा आकार खड्ड्यातल्या ठशाशी ताडून आम्ही तिन्ही जागा पक्क्या केल्या. इतकं स्वच्छ जुळणं क्वचितच मिळतं.

दगड हलला की लोकांना दिसतं. शेकोटीच्या कोळशानं होणारं नुकसान कुणाच्या लक्षात येत नाही. डेक्कन कॉलेजात शिकताना मी इनामगावची ताम्रपाषाणयुगीन घरं अभ्यासली. तिथे जमिनीखाली पुरलेल्या तान्ह्या मुलांची हाडंसुद्धा टिकली आहेत. डार्टमूरच्या आम्लधर्मी मातीत हाडं विरघळतात, काळ ठरवायला बहुतेकदा कोळसाच उरतो. मातीचा थर पातळ. आजचा कोळसा मुळांच्या वाटेनं खाली उतरला, की साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतला कोळसाही संशयास्पद ठरतो. एका रात्रीच्या उबेसाठी हे घडावं, याचा मला अजून संताप येतो.

दगड त्याच दुपारी बसवता आले असते. पण प्राचीन स्मारकांच्या 1979च्या कायद्यानं संरक्षित अवशेषातला दगड परत लावायलाही लेखी परवानगी लागते. कायदा योग्यच आहे. परवानगीची संथ चाल अक्षम्य आहे. ती येईपर्यंत पावसानं आणि मेंढ्यांच्या खुरांनी खड्ड्यांच्या कडा ढासळल्या, ठसे पुसले गेले.

सहकारी म्हणतो, मापं आहेत, फोटो आहेत, बसवून टाकू. डार्टमूरवरच्याच ग्रिम्सपाउंड या कांस्ययुगीन वस्तीत 1894च्या उत्खननानंतर घराची भिंत पुन्हा रचलीच ना? रचली, आणि त्यावर टीकाही झाली. ठसा असता तर ते दगड परत आपल्या जागी गेले असते. आता जागा आम्ही ठरवणार. मापं सेंटिमीटरपर्यंत अचूक आहेत, तरी मला ते पटत नाही. आणि दगड तसेच आडवे पडू द्यावेत, हेही पटत नाही. परवानगीची मुदत चालू आहे आणि मी अजून तारीख दिलेली नाही.