पट्टा काळा नव्हता, लाल होता: पाच फोटोंमागची माझी धावपळ

व्हिएन्नात नोकरीला होतो तेव्हा शनिवारी सकाळी नाशमार्क्टच्या जुन्या बाजारात माझी चक्कर ठरलेली असायची. तिथल्या एका खोक्यात अल्बममधून फाडलेलं एक पान सापडलं. पाच फोटो, मागे एक अक्षर नाही. चार फोटोंत पाण्याकाठी उभं असलेलं दुपंखी विमान, पाचव्यात नुसताच नावेसारखा लाकडी सांगाडा. चाकं नाहीत, खाली तरंगायला वेगळे फ्लोटही नाहीत, पोटच होडीचं. म्हणजे पहिल्या महायुद्धातली फ्लाइंग बोट.

मागे झुकलेले पंख, इंजिन वरच्या पंखाखाली आणि त्याचा पंखा मागच्या बाजूला, शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं अंग. ही लोनर! ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलाची, व्हिएन्नात घोडागाड्या बनवता बनवता विमानांकडे वळलेल्या कारखान्याची. फोटो मिळाले तेही व्हिएन्नातच. तीन दिवस मी खूश होतो.

चौथ्या दिवशी पुढचं वाचलं. २७ मे १९१५ रोजी अशीच एक लोनर, एल ४०, रावेन्नाजवळच्या पोर्तो कोर्सिनीला इटालियनांच्या हाती लागली आणि वारेसेच्या माकी कारखान्याने तिची नक्कल बनवली: माकी एल १. एकाच एड्रियाटिक समुद्रावर दोन शत्रू एकसारखी विमानं उडवत होते! आकारावरून ओळख पटवायची वाटच बंद झाली. विमान ओळखताना सगळे आधी आकार बघतात, मीही तेच केलं होतं.

उरला रंग, आणि फोटो तर कृष्णधवल. दुसऱ्या फोटोत खालच्या पंखाच्या टोकाला पट्टे होते: गडद, फिका, गडद. ऑस्ट्रियाचे असतील तर लाल-पांढरा-लाल. इटलीचे असतील तर एक लाल आणि एक हिरवा. त्या काळी फोटो काचेच्या पट्टीवर टिपले जात, आणि बहुतेक काचपट्ट्यांना लाल रंग दिसतच नसे, तो जवळजवळ काळा उमटायचा. निळा मात्र पार फिका पडायचा. उन्हाने रापलेले चेहरे त्या फोटोंत इतके काळवंडलेले दिसतात ते याचमुळे.

दोन्ही गडद पट्टे मला सारखेच काळे दिसत होते. पण काचपट्टी फक्त निळा प्रकाश टिपणारी असली, तर हिरवाही काळाच येणार. मग कितीतरी वेळ भिंग घेऊन मी विमान सोडून मागची टेकडी बघत बसलो. तिच्यावरची झाडी काळीठिक्कर नव्हती. मध्यम करड्या रंगात पानांचे झुबके वेगवेगळे दिसत होते. म्हणजे काचपट्टीला हिरवा दिसत होता! पट्टा हिरवा असता तर तोही झाडीसारखा करडा आला असता. दोन्ही पट्टे लालच.

खात्रीसाठी २४०० डीपीआयला स्कॅन करून वरच्या पंखाखालची सावली उजळवली. टोकाशी रुंद होत गेलेला, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विमानांवर असायचा तसा क्रॉसचा एक हात त्यातून वर आला. त्या क्षणी मी खुर्चीतून उठलोच.

मी एवढा हट्टाला का पेटलो? १५ सप्टेंबर १९१६ रोजी एल १३२ आणि एल १३५ या दोन लोनरनी एड्रियाटिकमध्ये ‘फूको’ ही फ्रेंच पाणबुडी बुडवली. खुल्या समुद्रात विमानाने बुडवलेली ती पहिली पाणबुडी. पाणबुडीतली माणसं पाण्यात पडली तेव्हा त्याच वैमानिकांनी विमानं लाटांवर उतरवली आणि मदतीची बोट येईपर्यंत शत्रूच्या त्या खलाशांना आधार दिला. सगळे वाचले. हे वाचल्यापासून माझ्या फोटोतला गुडघ्यापर्यंत ओली विजार घातलेला, होडीच्या कडेवर हात टेकून उभा असलेला पोरगा कोणत्या बाजूचा, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

तीन फोटोंत तेच विमान, तीच टेकडी. चौथ्यात विमान लांब आहे, पण ओली विजारवाला पोरगा आहे, त्यामुळे तोही त्याच गठ्ठ्यात. पाचव्या सांगाड्यावर ना पट्टा, ना क्रॉस, मागे नुसती भिंत. त्याच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय: ‘लोनर किंवा माकी एल १’.