आमची वाटचाल: पाट्यांपासून हत्तीच्या कातडीपर्यंत

दुकानाच्या पाट्या आणि स्क्रीन प्रिंटिंग यावर आमचा व्यवसाय कोल्हापुरात उभा राहिला. फ्लेक्स आल्यावर हाताने रंगवायच्या पाट्या आटल्या. एका रंगात छापता येईल असं हातचं चित्र मागणारे मात्र टिकून राहिले: टी-शर्टवाले, वह्यांची मुखपृष्ठं करणारे, राधानगरी-दाजीपूरच्या वाटेवरची रिसॉर्टं. त्यांना हवे असतात प्राणी. म्हणून टाक आणि काळी शाई हेच आता आमचं मुख्य काम आहे.

कागद गुळगुळीत ब्रिस्टल, म्हणजे जाड कार्डासारखा, 250 जीएसएम (चौरस मीटरला 250 ग्रॅम). खरबरीत कार्ट्रिज कागदावर टाकाची निब तंतू उचलते आणि शाई फुटते. नव्या निबवर तेलाचा थर असतो. टूथपेस्टने घासून धुतली नाही तर शाई टोकाशी नीट उतरत नाही, उतरलीच तर थेंब होऊन पडते. वॉटरप्रूफ शाई निबच्या चिरेत वाळली की रेघ तुटू लागते, त्यामुळे दर पाच-दहा मिनिटांनी निब पाण्यात बुडवून पुसायची.

नवशिक्या हाताची खोड एकच: अंगभर सारख्या सुरकुत्या. मग हत्ती गोल न दिसता सपाट दिसतो, भिंतीवर वाळत घातलेल्या गोधडीसारखा. आम्ही 2एच या कडक, फिकट पेन्सिलीने आधी फक्त उजेड-सावलीची हद्द आखतो. सुरकुत्या दाट येतात त्या या हद्दीवर. उजेडात दोन-चार तुटक रेघा पुरतात, आणि गडद सावलीत बारकावे जवळजवळ बुडवायचे.

सुरकुतीची दिशा अवयव ठरवतो. सोंडेवर ती आडवी, गोलाईला वळसा घालणारी. गुडघ्याशी दाट घड्या. पोटाच्या बाजूला बारीक चौकटींचं जाळं. प्रत्येक घडीची एकच कड जाड करायची, उजेडाच्या उलट बाजूची. दोन्ही कडा सारख्या आल्या तर घडी न दिसता तडा दिसतो. आजरा-चंदगडकडचे हत्ती काढून मागणारे गिऱ्हाईक बहुतेक वेळा मोबाईलवर आफ्रिकन हत्तीचा फोटो दाखवतं! आपल्या हत्तीचे कान लहान, कातडी त्या मानाने गुळगुळीत, आणि सोंडेवर-कानांवर फिकट ठिपके. ते ठिपके रेषेने काढायचे नाहीत, तेवढी जागा कोरी सोडायची.

कृष्णेतली मगर वेगळं गणित मागते. पाठीवरचे, मधोमध उंच कड असलेले खवले ओळीने बसतात, म्हणून आधी पाठीच्या वळणावर आडव्या पट्ट्या आखून घ्यायच्या. सुटे खवले काढत गेलं की शेपटीपाशी ओळी जुळत नाहीत. मानेवर चार मोठ्या खवल्यांचा चौकोन हवाच. गव्याला मात्र सुरकुत्या जवळपास नकोतच. तुकतुकीत अंग, खाली स्नायू. तिथे केसांच्या दिशेने आखूड रेघा, आणि पायांचे पांढरे मोजे कोरे.

चूक झालीच तर शाई पूर्ण वाळल्यावर नव्या ब्लेडने हलकं खरवडायचं, मग नखाने कागद घोटायचा. न घोटता त्यावर रेघ मारली तर ती पसरतेच.

छपाईचा विचार पहिल्या रेघेपासून करावा लागतो. ए3 चित्र ए4 वर आणलं की 0.1 मिमीची रेघ 0.07 वर येते; कागदावरच्या ऑफसेट छपाईला एखाद्या वेळी निभावते, टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीतून उतरत नाही. टी-शर्टसाठी आम्ही 0.3 मिमीच्या खाली जात नाही आणि दोन रेघांमधली जागाही तेवढीच ठेवतो, नाहीतर शाई पसरून सगळी सावली काळीठिक्कर होते. म्हणून ऑर्डर घेताना पहिला प्रश्न प्राण्याचा नसतो. कशावर छापणार आणि किती आकारात, ते आधी विचारतो.